लस घ्यावी की थांबावं: साथीच्या दिवसांत हिशोब कसा मांडायचा

१ मार्च २०२१ पासून साठीच्या पुढच्यांना आणि पंचेचाळिशीपुढच्या आजारी माणसांना कोविडची लस खुली झाली. दुसऱ्याच दिवशी मिरजेहून मावशीचा फोन. "तू सांग, घेऊ का नको? इथं प्रत्येक जण वेगळंच सांगतोय." मावशी ७१ वर्षांची, शुगर पंधरा वर्षांपासूनची. तिच्याकडे तिचा नातू राहत होता, २४ वर्षांचा, पुण्यातली नोकरी मिरजेतून लॅपटॉपवर करणारा. त्याचा नंबर अजून लागायचा होता, पण मागून त्याचाही आवाज आला, "माझंही विचार ना गं."

मी डॉक्टर नाही. विम्याच्या कचेरीत तीस वर्षं काढली. अमुक माणूस मरणार की जगणार हे आम्हाला कधीच सांगता आलं नाही. अशा एक लाख माणसांत किती, एवढं सांगता यायचं आणि हप्ता त्यावर ठरायचा. ती सवय कोविडमध्ये कामी आली. मावशीला म्हटलं, दुधाच्या हिशोबाची वही घे, मागच्या बाजूनं उघड आणि मधोमध उभी रेघ मार. डावीकडे रोग, उजवीकडे लस. पुढचं सगळं त्या वहीवरून लिहितोय. पुढची साथ कधी येईल कोण जाणे. आली की हीच वही काढायची.

प्रश्न आधी दुरुस्त करा

"लस सुरक्षित आहे का?" या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर नाही. आमच्या फॉर्मवर "हा माणूस ठणठणीत आहे का" असा रकाना नसायचा; वय, वजन, धंदा, व्यसन, आईबाप कशानं गेले, असे तुकडे असायचे. लसीच्या प्रश्नाचेही तसेच तुकडे करा. कुणाला द्यायची आहे? कोणती लस? आत्ता, या तालुक्यात, साथ कुठवर आलीय? आणि न घेतली तर काय?

शेवटचा तुकडा लोक विसरतात. लस घेतल्यावर काय होईल याची तुलना मनातल्या मनात "काहीच होणार नाही" याच्याशी केली जाते. तसा पर्याय साथीत मिळत नाही. एका बाजूला लस घेऊन साथीला सामोरं जाणं आणि दुसऱ्या बाजूला लस न घेता तिलाच सामोरं जाणं, या दोनच गोष्टी असतात.

वहीच्या पानावर वर तारीख टाका. हे किरकोळ वाटेल, पण का ते पुढे येईलच.

डावा रकाना: रोग तुमचं काय करू शकतो

इथे दोन आकडे लागतात. रोगाशी गाठ पडायची शक्यता किती, आणि पडलीच तर किती महागात जाईल. लोक यातला एकच धरतात. तरुण म्हणतो, "मला झाला तर काय होणाराय?" म्हातारा म्हणतो, "मी जातोच कुठं?" दोघंही अर्धंच बोलतात.

गाठ पडण्याचा अंदाज घरात बसून घेता येतो. घरातलं कोण रोज बाहेर जातं? दुकान, रिक्षा, शाळा, दवाखाना, यांपैकी कशाशी संबंध आहे? जिल्ह्यातला रोजचा आकडा गेल्या तीन आठवड्यांत चढतोय की उतरतोय? अमरावतीत फेब्रुवारी २०२१ मध्येच रुग्ण वाढू लागले होते. ती बातमी वाचून "ते तिकडे विदर्भात" म्हणणाऱ्यांना एप्रिल लांब नव्हता. मावशी बाहेर जात नव्हती, पण धुणंभांडी करणाऱ्या ताई चार घरं फिरून तिच्याकडे यायच्या. म्हणजे मावशी चार घरं फिरत होती असं धरायचं.

दुसऱ्या आकड्यात सगळ्यांत वजनदार गोष्ट वय. कोविडमध्ये वयाच्या प्रत्येक दशकागणिक मृत्यूची शक्यता काही पटींनी वाढत गेली. त्यावर शुगर, बीपी, लठ्ठपणा, किडनीचं दुखणं, कॅन्सरचे उपचार यांची भर. गरोदरपण इथे वेगळं लिहा, कारण गरोदर बाईला कोविड झाला तर तो गंभीर होण्याची शक्यता जास्त होती. आपल्याकडे २ जुलै २०२१ ला गरोदर स्त्रियांना लस खुली झाली ती त्यामुळेच. पण सगळ्या साथी सारख्या नसतात. १९१८ च्या इन्फ्लुएंझानं भर तारुण्यातली माणसं नेली. म्हणून नवी साथ आली की "म्हाताऱ्यांना धोका जास्त" हे गृहीत धरू नका, त्या रोगाची वयानुसार आकडेवारी आधी शोधा.

टक्क्यांच्या मागची माणसं मोजा

फायझरची लस ९५ टक्के परिणामकारक, ही बातमी सगळ्यांनी वाचली. शंभरातल्या ९५ जणांना रोग होणार नाही, असा तिचा अर्थ नव्हे. चाचणीत दोन्ही गटांत साधारण १८-१८ हजार माणसं मोजली गेली. लस न मिळालेल्या गटात १६२ जणांना लक्षणांसह कोविड झाला, लस मिळालेल्या गटात ८ जणांना. १६२ चे ८ झाले, म्हणजे रोग ९५ टक्क्यांनी घटला.

आता हेच लाखात करा. लसीशिवाय लाखात सुमारे ८८५, लसीसह सुमारे ४४. फरक ८४१, म्हणजे एक टक्क्यालाही कमी. लसविरोधी मंडळी व्हॉट्सॲपवर हाच दुसरा आकडा फिरवत होती: "खरा फायदा फक्त ०.८४ टक्के!" आकडा खोटा नाही. पण तो दोनेक महिन्यांच्या काळातला आणि तेव्हाच्या साथीच्या जोरावरचा आहे. साथ पसरली, महिने वाढले की ८८५ वाढतात आणि फरकही वाढतो. पहिल्या आकड्यावरून लसीची ताकद कळते, दुसऱ्यावरून तुमच्या परिस्थितीत तिचा उपयोग. दोन्ही लागतात. फक्त एकच दाखवणारा माणूस तुम्हाला काहीतरी विकतोय, लस किंवा लसीची भीती.

आणखी एक विचारायचं: परिणामकारक कशाविरुद्ध? सर्दी-तापाविरुद्ध, ॲडमिट होण्याविरुद्ध, की मृत्यूविरुद्ध? माझ्या लेखी शेवटच्या दोनांना जास्त मोल. आपल्याकडचं मला आवडलेलं उदाहरण तामिळनाडू पोलिसांचं आहे. दुसऱ्या लाटेच्या ऐन महिन्यात, १३ एप्रिल ते १४ मे २०२१, तिथल्या १,१७,५२४ पोलिसांची नोंद तपासली गेली. लस न घेतलेले १७,०५९ होते, त्यातले २० कोविडनं गेले. एक डोस घेतलेल्या ३२,७९२ पैकी ७. दोन डोस घेतलेल्या ६७,६७३ पैकी ४. लाखात मांडलं तर ११७, २१ आणि ६. एका महिन्यात.

यालाही खोट आहे. ही चाचणी नव्हती. कुणाला लस मिळेल हे चिठ्ठी टाकून ठरलं नव्हतं. जो पोलीस लस घेतो तो मास्कही नीट लावत असेल, किंवा आधीच आजारी असलेला लस टाळत असेल. त्यामुळे ११७ आणि ६ मधला सगळाच फरक लसीच्या खात्यावर जमा करू नका. निम्मा काढून टाकला तरी जे उरतं ते थोडं नाही.

याच्या उलट गफलतही होते. "दवाखान्यात दाखल झालेल्यांत दोन तृतीयांश लस घेतलेले!" अशी बातमी आली की लोक लस निरुपयोगी ठरवतात. समजा गावात एक हजार म्हातारी माणसं. ९०० जणांनी लस घेतली, १०० जणांनी नाही. न घेतलेल्यांतले १० ॲडमिट झाले, घेतलेल्यांतले १८. वॉर्डात २८ पैकी १८ लसवाले, जवळजवळ दोन तृतीयांश. पण न घेतलेल्यांत शंभरात १०, घेतलेल्यांत शंभरात २. वॉर्डातले मोजायचे आणि गावातले विसरायचे, यात निम्म्या अफवा जन्मतात.

उजवा रकाना: लस काय करू शकते

याचे आधी दोन भाग पाडा. हात दुखणं, ताप, अंग मोडून येणं, दोन दिवस आडवं होणं हा त्रास. तो शेकड्यांनी लोकांना होतो, त्याला जोखीम म्हणू नका. फक्त लागोपाठ दोघांनी घेऊ नका, घरात चहा करायला कुणीतरी उभं हवं. गंभीर भाग वेगळा आणि तो लसीगणिक वेगळा. कोणत्याही लसीनं क्वचित तीव्र ॲलर्जी येते, बहुतेक वेळा काही मिनिटांत. कोविशिल्डसारख्या ॲडिनोव्हायरसच्या लसींमुळे फार क्वचित रक्ताच्या गुठळ्या होऊन प्लेटलेट घटतात. फायझर-मॉडर्नासारख्या एमआरएनए लसींमुळे, मुख्यतः तरुण मुलांना दुसऱ्या डोसनंतर आठवड्याभरात, हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते. अमेरिकेतल्या भाच्याला लागू असलेली काळजी मिरजेतल्या मावशीला लागू नव्हती, कारण तिच्या हातात ती लसच नव्हती. व्हॉट्सॲपला मात्र लसींची नावं कळत नाहीत, त्याच्या लेखी सगळी एकच "लस".

मग येतो सगळ्यांत अवघड प्रश्न: लसीनंतर झालं की लसीमुळे झालं?

पंढरपूर शहर धरा, लाखभर वस्ती. भारतात वर्षाला हजारी सुमारे सहा माणसं मरतात. म्हणजे लाखाच्या गावात वर्षाला ६००, आठवड्याला अकरा-बारा. कुणालाही काहीही टोचलेलं नसताना. आता एका सोमवारी अख्ख्या पंढरपुराला लस दिली असं समजा. पुढच्या सोमवारपर्यंत अकरा-बारा अंत्ययात्रा निघणारच आणि प्रत्येक घरात एकच वाक्य असणार: "परवाच लस घेतली होती हो." फक्त म्हाताऱ्यांना दिली तर हा आकडा आणखी मोठा. त्या घरांचं दुःख खरं असतं, संशयही साहजिक असतो. पण लसीवर ठपका ठेवायचा तर त्या आठवड्यात अकरा-बाराऐवजी वीस जायला हवेत, किंवा एरवी सहसा न दिसणारं काहीतरी दिसायला हवं.

गुठळ्यांचं प्रकरण सापडलं ते या दुसऱ्या वाटेनं. गुठळ्या होतायत आणि त्याच वेळी प्लेटलेट कमी, हे विचित्र होतं. मार्च २०२१ मध्ये युरोपातल्या डॉक्टरांच्या ते नजरेत आलं आणि ७ एप्रिलला युरोपच्या औषध नियामकानं संबंध असू शकतो असं जाहीर केलं. याच वाटेनं उलटंही सिद्ध होतं. तरुण माणसं नाचता नाचता, जिममध्ये कोसळतायत म्हणून गाजावाजा झाला, तेव्हा आयसीएमआरनं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं, देशभरातल्या ४७ रुग्णालयांत १८ ते ४५ वयाच्या अचानक मृत्यूंची तपासणी केली. लशीनं धोका वाढल्याचं दिसलं नाही. कोविडसाठी ॲडमिट झालेलं असणं, घरात असे मृत्यू झालेले असणं, अचानक फार दारू किंवा फार व्यायाम, हे मात्र दिसलं.

नोंदी अपुऱ्या असतात, ही तक्रार रास्त आहे. मे २०२१ मध्ये आपल्या सरकारी समितीनं गुठळ्यांची २६ प्रकरणं संभाव्य ठरवली, दहा लाख डोसांमागे ०.६१. ब्रिटनमध्ये पहिल्या डोसमागे हाच आकडा पुढे लाखात दीडच्या आसपास गेला, आपल्या पंचवीस पट, आणि त्यातली पाचात एक व्यक्ती दगावली. फरक लोकांच्या जनुकांचा असेल, पण आपल्याकडे नोंद कमी होते हेही आहेच; दुसऱ्या लाटेत डोकेदुखीनं तळमळणाऱ्याचं स्कॅन कुठे होणार होतं? अशा वेळी मी कचेरीतली जुनी युक्ती वापरतो. लसीच्या जोखमीचा आकडा दहापट करा आणि बघा, निर्णय फिरतो का. फिरत नसेल तर त्या आकड्यावरून वाद घालण्यात रात्र घालवू नका. फिरत असेल तर मात्र थांबा, आणखी माहिती काढा.

दोन्ही रकाने एका तराजूत

हे सगळ्यांत चांगलं कुणी केलं असेल तर केंब्रिज विद्यापीठाच्या विंटन सेंटरनं. ब्रिटननं ७ एप्रिल २०२१ ला तिशीखालच्यांना ॲस्ट्राझेनेकाऐवजी (आपल्याकडची कोविशिल्ड म्हणजे हीच लस) दुसरी लस देण्याचा सल्ला दिला, तेव्हा त्यांनी साधे आडवे पट्टे काढून दाखवले. डावीकडे, सोळा आठवड्यांत लसीनं लाखात किती जणांचं आयसीयू वाचतं. उजवीकडे, लाखात किती जणांना लसीमुळे गंभीर इजा होते. दोन्ही बाजूंना एकच एकक, लाख. मला तो कागद पाहून कचेरीची आठवण आली.

साथ कमी असताना, म्हणजे मार्च २०२१ च्या ब्रिटनइतकी असताना, साठ ते एकोणसत्तर वयात १४.१ जणांचं आयसीयू वाचत होतं आणि ०.२ जणांना इजा. चर्चाच नको. वीस ते एकोणतीस वयात ०.८ वाचत होते आणि १.१ जणांना इजा. तोटा जास्त. पण साथीचा जोर ब्रिटनमधल्या दुसऱ्या लाटेच्या शिखराइतका धरला की त्याच विशीतल्यांचे वाचणारे ६.९ झाले, इजा तेवढीच, १.१. साठीतल्यांचे १२७.७.

थोडा वेळ या आकड्यांपाशी थांबा. लस तीच, माणूस तोच, इजेचा आकडा तोच. साथीचा जोर बदलला आणि उत्तर फिरलं. म्हणून पानावर तारीख टाकायला सांगितली.

मावशीनं लस घेतली तेव्हा, मार्चच्या मध्यावर, हा कागद निघालाही नव्हता. तिच्या वहीतला उजवा रकाना जवळजवळ कोरा होता. पण डावीकडे "७१, शुगर, चार घरं, आकडा चढता" एवढं होतं, आणि उजवीकडे लाखात पाच-दहा मांडले असते तरी पारडं फिरलं नसतं. नातवाचा नंबर १ मेपासून लागला. तोवर त्याच्याकडे ब्रिटनचे आकडे होते आणि त्यानं मलाच पकडलं: "काका, माझ्या वयात तोटा जास्त लिहिलाय." बरोबर वाचलं होतं, पण चुकीची ओळ. मे २०२१ ची मिरज ही कमी साथीची ओळ नव्हती. सांगली-कोल्हापूरकडे तर लाट जुलैपर्यंत रेंगाळली. शिवाय तो एकटा राहत नव्हता. आजीला लस मिळाली असली तरी तिच्या वयात शुगरसकट ती किती पुरेल याची खात्री नव्हती, आणि लशीनं संसर्ग काही काळ तरी कमी होत होता. पुढे ओमायक्रॉननं तो मुद्दा बराच पातळ केला. "दुसऱ्यांसाठी घ्या" हे आवाहन तेव्हा २०२१ इतकं वजनदार राहिलं नाही, आणि हे स्पष्ट न सांगितल्यामुळे आरोग्य खात्यांनी विश्वास गमावला, असं माझं मत.

न घेतल्यास ट्रेन बंद, मॉल बंद, असा दबाव असेल तर तो वहीत वेगळा लिहा. मुंबईत १५ ऑगस्ट २०२१ पासून दोन डोस होऊन १४ दिवस झालेल्यांनाच लोकलचा पास मिळू लागला आणि कितीतरी लोकांनी रोगासाठी नव्हे, ८.१२ च्या फास्टसाठी लस घेतली. गैर काही नाही, पण तो वैद्यकीय फायदा नव्हे. २ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं कुणावरही लसीची सक्ती करता येत नाही, हे स्पष्ट केलं.

थांबणं हाही निर्णय

"अजून थोडी वाट बघू" यात शहाणपण असू शकतं. अमेरिकेत १९७६ मध्ये एका लष्करी छावणीत स्वाइन फ्लू निघाला, सरकार घाबरलं, ऑक्टोबरात देशव्यापी लसीकरण सुरू झालं आणि चार कोटींहून जास्त लोकांनी टोचून घेतलं. साथ आलीच नाही. लसीमुळे लाखात एकाच्या आसपास जादा लोकांना गियाँ-बारे, म्हणजे हातपाय लुळे पाडणारं दुखणं झालं. लाखात एक, कोविडच्या लसीनं होणाऱ्या गुठळ्यांच्याच पंगतीतला आकडा. पण डावा रकाना शून्य होता, त्यामुळे तो एकही जास्त ठरला आणि डिसेंबरात मोहीम गुंडाळावी लागली.

उलट एप्रिल २०२१ मध्ये "थोडी वाट" म्हणजे लाटेच्या तोंडावर सहा आठवडे उघडं राहणं. थांबायचं ठरवलंत तर दोन गोष्टी लिहा: कोणती माहिती येईपर्यंत थांबतोय, आणि जिल्ह्यातला आकडा कितीवर गेला की थांबणं संपेल. या दोन ओळी लिहिता येत नसतील तर तुम्ही थांबत नाही आहात, टाळताय.

माहिती अपुरी असताना काय? कोव्हॅक्सिनला ३ जानेवारी २०२१ ला परवानगी मिळाली तेव्हा तिच्या परिणामकारकतेचा आकडा आलेला नव्हता. ज्यांनी तेव्हा कांकूं केली त्यांना मी अडाणी म्हणणार नाही, प्रश्न योग्य होता. आकडा नंतर आला, लक्षणांच्या रोगाविरुद्ध ७७.८ टक्के. मधल्या काळात एवढंच विचारता येतं: लसीची पद्धत जुनी आहे की नवी? कोव्हॅक्सिन मारलेल्या विषाणूची, रेबीजच्या लसीसारखी, म्हणजे पद्धत ओळखीची. आजवर किती लाख लोकांना दिली? आणि दिल्याला सहा आठवडे झालेले किती? लसींचे गंभीर परिणाम बहुतेक तेवढ्या अवधीत डोकं वर काढतात.

तज्ज्ञांचे निर्णय बदलले की लोक चिडतात. कोविशिल्डच्या दोन डोसांतलं अंतर आधी चार-सहा आठवडे, २२ मार्चला सहा-आठ, १३ मेला बारा-सोळा. मावशी वैतागली: "यांना काय ते एकदा ठरवता येत नाही?" तुटवडा होता, हे उघड होतं. पण अंतर वाढवल्यावर लस जास्त चालते, याचा पुरावाही होता: चाचणीत सहा आठवड्यांच्या आत दुसरा डोस घेतलेल्यांत ५५.१ टक्के, बारा आठवड्यांनंतर घेतलेल्यांत ८१.३. गंमत म्हणजे भारतानं अंतर वाढवल्याच्या दुसऱ्याच दिवशी, १४ मेला, ब्रिटननं पन्नाशीपुढच्यांसाठी तेच बारावरून आठ आठवड्यांवर आणलं, कारण डेल्टापुढे एक डोस अपुरा पडत होता. दोघांकडे तोच अभ्यास, पण डावे रकाने वेगळे. कुणाचं बरोबर? पन्नाशीपुढच्यांच्या बाबतीत मी ब्रिटनच्या बाजूचा.

टोचून घेण्याच्या दिवशी

डॉक्टरांना भेटायला जाताना "घेऊ का?" एवढंच विचारू नका, दोन मिनिटांत "घ्या" म्हणतील. आधीच्या कुठल्या लसीनं किंवा औषधानं तीव्र ॲलर्जी आली होती का, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का, पूर्वी गुठळी झाली होती का, प्लेटलेट कमी असतात का, केमो किंवा स्टेरॉइड चालू आहे का, हे तुम्ही सांगा आणि मग विचारा, "माझ्या बाबतीत यातलं काय बदलतं?" पहिल्या डोसला तीव्र ॲलर्जी आली असेल तर त्याच लसीचा दुसरा घेऊ नका. त्या दिवशी ताप असेल तर पुढे ढकला.

लसीच्या बाटलीकडे बघायला संकोच करू नका. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी हाफकिनची प्लेगची लस दिलेल्या १०७ जणांपैकी १९ जण धनुर्वातानं गेले. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजात तयार केलेली ती लस हाफकिननं १८९७ मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली होती. तरी दोष त्याच्यावर आला. पुढे दिसलं की बाटली गावात उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. नाव साफ व्हायला १९०७ उजाडलं. कोविशिल्डच्या एका बाटलीत दहा डोस असायचे आणि उघडल्यावर चार तासांत संपवायचे, सिस्टरला "ताई, ही कधी उघडली?" विचारलं तर बहुतेक जणी बाटलीवर लिहिलेली वेळ दाखवतात.

टोचल्यावर तीस मिनिटं तिथेच बसा. तीव्र ॲलर्जी तेवढ्यात कळते आणि ॲड्रेनालिनचं इंजेक्शन तिथेच असायला हवं. भारतात लसीमुळे झालेला म्हणून पहिल्यांदा मान्य झालेला मृत्यू ॲलर्जीचाच होता, ६८ वर्षांच्या एका गृहस्थांचा. मी ज्या केंद्रावर गेलो तिथे खुर्च्या अपुऱ्या म्हणून "जावा आता, काही होत नाही" सांगून दहा मिनिटांत बाहेर काढत होते. मी जिन्यावर बसलो. तुम्हीही बसा.

मग पुढचे चार आठवडे वहीच्या शेवटच्या पानावर हे लिहून ठेवा आणि घरातल्या दुसऱ्या कुणाला दाखवा: गोळीनं न थांबणारी जोराची डोकेदुखी, धूसर दिसणं, दम लागणं, छातीत दुखणं, पाय सुजणं, सतत पोटात दुखणं, टोचल्याच्या जागेपासून लांब कातडीवर लालजांभळे ठिपके. यातलं काही दिसलं तर दवाखान्यात जाऊन लसीचं नाव आणि तारीख आधी सांगा. प्लेटलेट बघायला सांगा; या गुठळ्यांवर रक्त पातळ करणारं नेहमीचं हेपॅरिन टाळायचं असतं, त्यामुळे तारीख सांगण्याला महत्त्व आहे. लस दिली त्या केंद्राला किंवा गावातल्या आशाताईंना, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना नोंद करायला लावा. नोंद झाली नाही तर तुमचं दुखणं कुठल्याच लाखात मोजलं जात नाही.

मे २०२४ मध्ये मावशीचा पुन्हा फोन. ॲस्ट्राझेनेकानं लंडनच्या कोर्टात गुठळ्यांची कबुली दिली म्हणून सगळ्या वाहिन्यांवर तेच चाललेलं. "अरे, मला दोन डोस झालेत. आता माझं काय?" तिला वही आणायला सांगितली. सापडायला वेळ लागला, मधे दुधाचा भाव दोनदा वाढून वही बदलली होती. मागच्या पानावर तारीख होती, १६ मार्च २०२१, आणि खाली तिच्याच अक्षरात गुठळ्यांबद्दल एक ओळ, एप्रिलमध्ये घातलेली. कोर्टात सांगितलेलं तेच होतं. गुठळ्या व्हायच्या त्या दिवसांत-आठवड्यांत होतात. तिला तीन वर्षं झाली होती. "म्हणजे हे आपण तेव्हाच लिहिलं होतं की," मावशी म्हणाली, आणि शुगरची गोळी सकाळची राहिली ती घ्यायला उठली.